पांदणीत रुतलेली क्रूझर

विदर्भात मुलांना घेऊन रानात जाणाऱ्या प्रत्येकाची गाठ कधी ना कधी काळ्या मातीशी पडतेच. जंगलाची, तलावाची, टेकडीची तयारी आपण नीट करतो. दोर तपासतो, प्रथमोपचाराची पेटी भरतो, साप दिसला तर काय करायचं ते मुलांकडून वदवून घेतो. पावसानंतर पांदणीतून, म्हणजे शेतांमधल्या कच्च्या वाटेतून, गाडी बाहेर कशी काढायची, हे मात्र कुठल्याच प्रशिक्षणात शिकवलेलं मी पाहिलेलं नाही. वर्धा जिल्ह्यातल्या एका पांदण रस्त्यात आमची क्रूझर रुतली आणि ती काढता काढता दुपारची संध्याकाळ झाली. कुणाच्या तरी उपयोगाला येईल म्हणून त्या दिवसाबद्दल सविस्तर लिहिते आहे.

जागा सेलू तालुक्यातली, हिंगणीच्या पुढे बोरधरणाच्या बाजूची. बोरच्या जंगलाला २०१४ मध्ये व्याघ्र प्रकल्पाचा दर्जा मिळाला. क्षेत्र जेमतेम १३८ चौरस किलोमीटर, देशातल्या सगळ्यात लहान व्याघ्र प्रकल्पांपैकी एक. भोवतीची वावरं, म्हणजे शेतं, जंगलाला अगदी लागून आहेत. रानडुकरं आणि रोही (नीलगायी) पिकात शिरतात म्हणून माणसं रात्री जागलीला जातात, आणि कितीतरी धुऱ्यांवर, म्हणजे बांधांवर, झटका मशीनच्या, विजेचा झटका देणाऱ्या तारा ओढलेल्या असतात. आमचं शिबिर जंगलाबाहेर होतं, एका शेतकऱ्याच्या परवानगीने त्याच्या पडीत तुकड्यात. मुलं-मुली नववी ते बारावीतली, काही वर्ध्याची, काही आसपासच्या गावांतली. होकायंत्र वापरणं, गाठी मारणं, दोरावरून उतरणं, चूल मांडून स्वयंपाक, रात्रीचं आकाश, असा आमचा कार्यक्रम असतो.

महिना फेब्रुवारीचा. तूर निघून गेली होती, हरभरा घाट्यावर होता. शेवटच्या रात्री अवकाळी पाऊस आला. गारा नव्हत्या, पण तासभर तंबूवर दणादण सरी पडत होत्या. सकाळी लख्ख ऊन पडलं. आम्ही तंबू वाळवले, जेवणं केली आणि दुपारी आवरायला घेतलं.

आता तिथली जमीन सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यामुळे घडलं. शिबिराची जागा टेकडीच्या पायथ्याला बरड जमिनीवर होती. मुरूम, दगडगोटे, पाणी पडलं की लगेच झिरपून जाणार. तिथून पांदण खाली उतरते आणि थोड्याच अंतरावर जमीन बदलते. दोन्ही बाजूंना काळी कसदार वावरं, मधून बंड्यांच्या (बैलगाड्यांच्या) आणि ट्रॅक्टरच्या दोन खोल चाकोऱ्या, चाकोऱ्यांच्या मध्ये गवताचा उंचवटा. अशीच काळी माती नाल्यावरच्या रपट्यापर्यंत, म्हणजे ठेंगण्या पुलापर्यंत, जाते. रपट्याच्या पलीकडे मुरूम टाकलेला रस्ता लागतो, तो गावात आणि पुढे डांबरीला मिळतो.

निघण्याआधी ड्रायव्हरदादा पायी जाऊन पांदण बघून आले. वरचा पापुद्रा वाळून पांढुरका झाला होता. पाय कुठे रुतत नव्हता. मग कॅरिअरवर सामान चढलं: तंबू, सतरंज्या, स्वयंपाकाचे गंज, पाण्याच्या कॅन, दोरांच्या पिशव्या. मुलं गाडीत बसली नव्हती. सामान भरलेली गाडी कच्च्या वाटेने जाताना मुलांनी मागून, अंतर ठेवून पायी यायचं, असा आमचा नियम आहे. या नियमाची मुलं कुरकुर करतात. मला तो फार महत्त्वाचा वाटतो आणि त्या दिवशी आणखीच वाटला.

वाळलेला पापुद्रा माणसाचं वजन पेलतो. क्रूझर रिकामी असली तरी दोन टनांच्या आसपास भरते, वर आमचं सामान. काळीत शिरून गाडी जरा पुढे गेली आणि मागचं डावं चाक पापुद्रा फोडून आत उतरलं. दादांनी जोर दिला, तसं चाक जागच्या जागी गरगरलं आणि चिखलाचा फवारा मागे उडाला. पुन्हा जोर, पुन्हा फवारा. तेवढ्या वेळात अर्धं चाक दिसेनासं झालं. "बंद करा, दादा, इंजिन बंद करा," मी ओरडले. त्यांनी लगेच केलं, यासाठी मी त्यांची ऋणी आहे. अशा वेळी गाडीचा माणूस सहसा ऐकत नाही.

मोठी मुलं तोवर ढकलायला धावली होती. त्यांना परत बोलावलं. रुतलेल्या गाडीच्या मागे, फिरणाऱ्या चाकाच्या रेषेत उभं राहण्याइतकी वाईट जागा नाही. चाकाखालचा दगड गोळीसारखा सुटू शकतो. गाडी अचानक मागे घसरली तर चिखलात अडकलेला पाय काढायला वेळ मिळत नाही. सगळ्यांना बाजूच्या धुऱ्यावर बसवलं. झटक्याची तार कुठून जाते ते आधी दाखवलं आणि तिच्यापासून लांबची जागा धरली. पाणी प्या म्हटलं. त्यानंतर थोडा वेळ आम्ही खरोखर काहीही केलं नाही, नुसतं गाडीकडे बघत बसलो. माझं ठाम मत आहे की गाडी रुतल्यावरची पहिली काही मिनिटं अशीच गेली पाहिजेत. जास्तीत जास्त बिघाड त्याच मिनिटांत होतो, आणि तो घाईने होतो.

बसल्या बसल्या कामं वाटली. फोनला तिथे रेंज नव्हती, ती टेकडीवर मिळायची. माझा सहकारी दोन मोठ्या मुलांना घेऊन वर गेला. घरच्यांना निरोप द्यायचा होता की सगळे सुखरूप आहेत, गाडी चिखलात अडकली आहे, पोचायला रात्र होईल, कुणीही घाबरून इकडे यायला निघू नये. निरोप नेमका काय द्यायचा ते कागदावर लिहून दिलं. तोंडोतोंडी गेलेला निरोप वाटेत वाढत जातो आणि आई-बापांच्या जिवाला घोर लागतो. दहावीतल्या एका मुलीकडे घड्याळ दिलं. त्या दिवसांत सूर्य सव्वासहाच्या सुमारास मावळतो. साडेपाचला गाडी जिथे असेल तिथे सोडून सगळ्यांनी उजेडात गावाकडे चालायला लागायचं, हे तेव्हाच ठरवलं आणि सगळ्यांना सांगितलं. जंगलाला लागून असलेल्या पांदणीत मुलांना अंधारात ठेवायचं नव्हतं. गाडी दोन दिवस चिखलात राहिली असती तर राहिली असती.

मग सामान उतरवलं. मुलांची साखळी केली आणि कॅरिअरवरचं एकेक नग हातोहात धुऱ्यावर आणला. गाडी हलकी झाल्यावर दादा आणि मी खाली वाकून पाहिलं. मागच्या एक्सलचा मधला गोल डबा, म्हणजे डिफरेन्शियल, चाकोऱ्यांमधल्या उंचवट्यावर टेकला होता. गाडीचं पोट टेकलं म्हणतात ते हेच. चाकांवर यायचं वजन त्या उंचवट्यावर आलं होतं, म्हणून चाकांना पकड मिळत नव्हती.

मुलांना एक गोष्ट कळत नव्हती. डावं चाक एवढं फिरत होतं, मग उजवं का हललं नाही? वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापावं लागतं, म्हणून दोन्ही चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणारी व्यवस्था त्या गोल डब्यात असते. साध्या डिफरेन्शियलमध्ये इंजिनाची ताकद दोन्ही चाकांना सारखी मिळते, पण घसरणाऱ्या चाकाला जेवढी पेलते तेवढीच. एक चाक लोण्यात फिरायला लागलं की दुसऱ्यालाही तेवढाच जोर पोचतो आणि ते उभं राहतं. बारावीच्या एका मुलाने हे पाटीवर आकृती काढून इतरांना पुन्हा समजावलं. त्याच्या घरी ट्रॅक्टर आहे. पुढे दादांनी याच ज्ञानाचा उपयोग केला, तो सांगेन.

एवढ्यात शेजारच्या वावराचे मालक जागलीसाठी लवकर निघून आले. वय साठीच्या पुढचं, खांद्यावर दुपट्टा, हातात काठी. मुलं त्यांना आदल्या दिवसापासून काकाजी म्हणत होती. ते आधी गाडीकडे गेलेच नाहीत. चाकोरीच्या कडेला उकिडवे बसले आणि काठी जमिनीत रोवली. वीतभर सहज आत गेली. ओढून काढली तर टोकाला मातीचा गोळा.

"वाफसा नाही आला अजून," ते म्हणाले. "वरतून वाळली दिसते. अंदर पानी हाय." वाफसा म्हणजे जास्तीची ओल उतरून जमीन काम करण्याजोगी होणं.

दादांनी ट्रॅक्टर बोलावण्याचा विषय काढला. काकाजींनी मान हलवली. "ट्रॅक्टर रपट्यालोक येईन. तिथून इथं याले सारी काळीच हाय. थोही रुतला मंग? आन वावरातून आनाचा म्हनान त हरभरा हाय."

हरभऱ्याचं त्यांनी सांगितलं नसतं तरी ते मनात असायला हवं, असं मी मुलांना नंतर बोलले. वावर रिकामं दिसतं म्हणून त्यातून वाट काढायची सवय शहरातल्या गाड्यांना असते. घाट्यावर आलेला हरभरा चाकाखाली गेला की तो गेलाच. शिवाय ओल्या काळ्या मातीवरून जड चाक गेलं की जमीन दाबली जाते आणि पुढच्या पेरणीपर्यंत त्याचा त्रास राहतो.

मग काकाजींनी विचारलं, "पुढं कायले जाता?"

आम्ही सगळे रपट्याकडे तोंड करून विचार करत होतो. घर तिकडे होतं. पण रपट्यापर्यंत सगळी काळी, आणि मागे थोड्याच अंतरावर बरड. गाडी पुढे काढून पुन्हा रुतवण्यापेक्षा आल्या वाटेने मागे घ्यायची, बरडावर लावायची आणि वाफसा येईपर्यंत तिथेच ठेवायची. आम्ही पायी जायचं. इतकी साधी गोष्ट. त्या माणसाला ती सुचली कारण तो त्या जमिनीकडे बघत होता.

कामाला लागलो. पहिलं काम पोट मोकळं करायचं. आमच्याकडे शिबिरातलं घडीचं छोटं फावडं होतं, काकाजींच्या गोठ्यातून मोठं फावडं, टिकास आणि दोन घमेली आली. ओली काळी माती खणणं हे स्वतंत्र शास्त्र आहे. फावडं आत जातं, पण माती त्याला सोडत नाही. दोन वेळा खणलं की फावड्याचा लाकडासारखा जड ठोकळा होतो. काकाजींनी शेजारी पाण्याची बादली ठेवायला सांगितली. दर खेपेला पातं पाण्यात बुडवायचं आणि मग खणायचं. एका मुलीकडे खुरपं दिलं, तिने फक्त फावडी खरडायची. पाळ्या छोट्या ठेवल्या, दमलेल्या हातातून टिकास निसटू नये म्हणून. गाडीखाली आडवं होऊन कुणीही खणायचं नाही. बाजूने लांब दांड्याने माती ओढायची, हे मी पुन्हा पुन्हा सांगत होते.

पाळी नसलेली मुलं धुऱ्यावर बसून मातीचे गोळे करत होती. त्यांना मी त्या मातीची गोष्ट सांगितली. साडेसहा कोटी वर्षांच्या आसपास जमिनीच्या भेगांतून लाव्हा बाहेर आला, थरावर थर साचले, त्याचा बेसॉल्ट झाला आणि तो झिजून ही माती. तिच्यातलं चिकणखनिज, मॉन्टमोरिलोनाइट, पाणी शोषून फुगतं आणि वाळलं की आकसतं. म्हणून उन्हाळ्यात वावरात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, वरची माती त्या भेगांत पडते, पावसात भेगा मिटतात, आणि वर्षानुवर्षं ही जमीन स्वतःच स्वतःला खालीवर करत राहते. कपाशीला ती आवडते, कारण पाऊस गेल्यावरही ती ओल धरून ठेवते. हाच गुण गाडीला नडतो. फिरत्या चाकाने ती घोटली जाते, गुळगुळीत होते, आणि टायरच्या खाचा भरून टायर सपाट करून टाकते. नागपुरात मातीच्या सर्वेक्षणाची राष्ट्रीय संस्था आहे, तिथे या मातीचे नमुने आणि नकाशे आहेत, हे ऐकून एकीने तिथे नेण्याचं वचन माझ्याकडून घेतलं. ते मी पाळणार आहे.

पोट मोकळं झाल्यावर जॅक लावायचा होता. नुसता जॅक चिखलात लावला की गाडी वर येण्याऐवजी जॅक खाली जातो. काकाजींच्या जुन्या बंडीची जाड फळी आणली, तिच्यावर जॅक ठेवला. उरलेल्या चाकांना पुढून-मागून दगड लावले. चाक उचललं की खालच्या खड्ड्यात बरडावरून आणलेले चपटे दगड काठीने ढकलायचे. हात किंवा पाय त्या खड्ड्यात घालायचा नाही, जॅक कधीही सरकू शकतो. दगडांवर तुराट्या, म्हणजे तुरीच्या वाळक्या काड्या. धुऱ्यावर त्यांची मोठी रास होती आणि काकाजी म्हणाले, घ्या. मी जरा थांबले. तुराट्या म्हणजे त्यांच्या घरचं वर्षाचं जळण, कुडाला लागतात त्याही त्याच. चिखलात गेलेल्या तुराट्या पुन्हा चुलीत जात नाहीत. "भरपाई करू," म्हटलं. "आधी गाडी काढा," एवढंच ते म्हणाले.

तुराट्या चाकाच्या दिशेने उभ्या टाकल्या तर चाक त्यांना मागे फेकून देतं. आडव्या टाकायच्या, एकमेकींत गुंतवून, चाकापासून बरडापर्यंत पट्टा तयार होईल इतक्या. वर खताची रिकामी पोती. दोन्ही मागच्या चाकांच्या वाटेवर आणि पुढच्या चाकांच्याही. टेकडीवरून माझा सहकारी परत आला होता, निरोप पोचले होते. त्याने टायरची हवा कमी करायचं सुचवलं. दादा नाखूश होते. पण आमच्याकडे पायपंप आहे म्हटल्यावर तयार झाले. हवा निम्म्याच्या आसपास आणली की टायर पसरतो, जमिनीला जास्त टेकतो आणि कमी रुततो. फक्त अशा टायरवर वेगाने जायचं नाही आणि झटकन वळायचं नाही.

पहिला प्रयत्न आम्ही गाडीच्याच ताकदीवर केला. दादांनी इंजिन मंद ठेवलं, रिव्हर्स टाकला, क्लच हळू सोडला. हँडब्रेक किंचित ओढून धरला. क्रूझरचा हँडब्रेक मागच्या चाकांना लागतो. मोकळ्या फिरणाऱ्या चाकाला थोडा अडसर झाला की पकड असलेल्या चाकाकडे जास्त जोर जातो. उजवं चाक हललं! मुलांनी आरोळी ठोकली. गाडी हातभर मागे आली, तुराट्या करकरल्या, आणि मग तिचं पुढचं तोंड हरभऱ्याच्या बाजूला घसरायला लागलं. दादांनी थांबवली. घड्याळवाली मुलगी म्हणाली, "ताई, पावणेपाच."

दोघा मुलांनी दोरांच्या पिशव्या उघडल्या होत्या. आपला दोर आहे ना, आपण सगळे ओढू. मी नाही म्हटलं आणि कारण सांगितलं. ज्या दोरावर आपण माणसं उतरवतो त्या दोराने गाडी ओढायची नसते. ओढताना आतला धागा कुठे तुटला ते बाहेरून दिसत नाही, आणि पुढच्या वेळी त्याच दोरावर तुमच्यातलं कुणीतरी लटकलेलं असेल. तो दोर त्या दिवसापुरताच मोलाचा नव्हता. मुलांनी पिशव्या मुकाट बंद केल्या.

तोवर काकाजींनी आपला बैलजोडा आणला होता आणि पलीकडच्या वावरातल्या गड्याला हाक मारून दुसरा. "लोखंडी नांगराले चार बैल लागतच होते पयले," ते म्हणाले. बैल बरडावर, घट्ट जमिनीवर उभे राहणार, ही खरी गोम होती. ओढणाऱ्याच्या पायाखाली पकड नसेल तर कितीही ताकद वाया. दोन जोड्या एकापुढे एक जुंपल्या, मधून साखळी, साखळीला पुढे जाड सोल, म्हणजे दोरखंड. सोल बांधायची कुठे, यावर दादांचं आणि माझं एकमत होतं: चेसिसच्या मागच्या हुकाला. बंपरला बांधली तर बंपर हातात येतो. सोलीची गाठ अकरावीतल्या मुलीने मारली, बोलाइन. ताण आला तरी ही गाठ सरकत नाही आणि नंतर सुटते. आदल्या दिवशी तिने ती झाडाच्या खोडावर कितीदा तरी घोटली होती. काकाजींनी गाठ ओढून पाहिली आणि तिच्याकडे बघून मान डोलावली.

सोलीवर मधोमध दोन ओली पोती टाकली. दोर ताणात तुटला तर चाबकासारखा उलटतो. वर वजन असलं की तो खाली पडतो. सगळ्या मुलांना सोलीच्या लांबीपेक्षा जास्त अंतरावर, बाजूला नेलं. ट्रॅक्टरने ओढताना अशीच आणखी एक काळजी घ्यावी लागते, ती इथेच सांगते. साखळी ट्रॅक्टरला मागे खालच्या ओढदांडीलाच अडकवावी. एक्सलच्या वर कुठे बांधली आणि गाडी हलली नाही, तर ट्रॅक्टरचं पुढचं तोंड उचललं जातं आणि तो मागे चालवणाऱ्यावर उलटतो. हे व्हायला क्षणही लागत नाही.

खूण एकानेच करायची, ती काकाजींनी. दुपट्टा वर गेला की दादा क्लच सोडणार, दुपट्टा खाली आला की सगळं थांबणार. "झटका नाही द्याचा," ते गड्याला म्हणाले. "बैलाइले दम धरू दे."

दुपट्टा वर गेला. बैल पुढे झुकले, सोल जमिनीवरून उठली, पोती लोंबायला लागली. इंजिनाचा आवाज वाढला नाही, दादा तेवढाच धरून होते. काही काळ काहीच हललं नाही. मग चिखलाने चाक सोडल्याचा मोठा चपचपीत आवाज आला आणि गाडी तुराट्यांवर चढली. काकाजींनी लगेच दुपट्टा खाली घेतला. आम्हाला वाटलं चालू ठेवावं. त्यांनी बैलांना श्वास घेऊ दिला, साखळी पुन्हा सरळ केली, घसरलेली पोती नीट टाकायला लावली. परत वर. असं थांबत थांबत, पुढच्या चाकांना सरळ धरत, क्रूझर मागे मागे येत बरडावर आली. दादा उतरले आणि पहिल्यांदा बैलांकडे गेले.

सव्वापाच झाले होते. चिखल तसाच वाळू दिला तर ब्रेकच्या ड्रममध्ये, चाकांच्या आत तो विटेइतका घट्ट बसतो, म्हणून विहिरीवरून पाणी आणून चाकं आणि खालचा भाग धुतला. मुलांनी पाळीपाळीने पायपंप मारला. मोठं सामान गाडीत ठेवून कुलूप लावलं, दादांनी जागलीच्या मचाणाजवळ झोपायचं ठरवलं. बाकी आम्ही रांगेत, पुढे काकाजी आणि मागे माझा सहकारी, टॉर्च हातात घेऊन धुऱ्याधुऱ्याने गावात पोचलो तेव्हा अजून संधिप्रकाश होता. काकाजींच्या घरी काकूंनी भाकरी थापायला घेतलेल्याच होत्या. वांग्याचं भरीत, ज्वारीची भाकर, ठेचा आणि कांदा. मुलींनी काकूंना हटवून चुलीपुढचा ताबा घेतला. मुलांच्या पालकांपैकी दोघांनी गावापर्यंत गाड्या आणल्या आणि सगळी मुलं रात्री आपापल्या घरी गेली.

गाडी वाफसा आल्यावर निघाली. दादांनी आता काठी रोवून पाहिली, काकाजींनीही पाहिली, मगच चावी फिरवली. डांबरीवर चढण्याआधी त्यांनी ब्रेक तपासून घेतले. त्याच दिवशी आम्ही मोठ्या मुलांना घेऊन पांदणीत परत गेलो. आमच्या चाकांनी केलेले खड्डे तसेच वाळले असते तर दगडासारखे कडक झाले असते आणि बैलांचे पाय त्यात मुरगळले असते. वाफशावर माती फोडता येते, सारखी करता येते. फावड्याने चाकोऱ्या भरल्या, चिखलातले दगड वेचून धुऱ्यावर रचले. हरभऱ्याची काठाची झाडं पुढच्या चाकाखाली गेली होती, त्यांचे पैसे काकाजींनी घेतले नाहीत. तुराट्यांचा हिशेब मात्र काकूंनी चोख सांगितला: तेवढ्याच पेंढ्या, पलीकडच्या वावरातून वाहून आणून, त्यांच्या अंगणात रचून द्यायच्या. मुलांनी दुपारभर तेच केलं. काकू मध्ये उभ्या राहून कशी रचायची ते सांगत होत्या, आणि वाकडी लागलेली एक थप्पी त्यांनी पुन्हा लावायला लावली.

गाडीत आता दोन जाड फळ्या, लांब दांड्याचं फावडं, खुरपं, पोती आणि फक्त ओढण्यासाठी ठेवलेली साखळी असते. त्या जागी शिबिर घेतो तेव्हा क्रूझर रपट्याच्या गावाकडच्या बाजूला, मुरमावरच थांबते. तिथून सामान काकाजींच्या बंडीने जातं, मुलं पायी जातात. बंडीच्या खेपेचं भाडं गावात चालतं त्या दराने ठरलं आहे आणि ते शिबिराच्या खर्चात आधीच धरलेलं असतं.